सात भाऊ, एक सिंहासन आणि न मोजलेली बहीण : ‘स्टारडस्ट’ची गोष्ट

(ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. मधले ‘अं’, ‘म्हणजे ना’ आणि मागे वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत? लोकलमध्ये असाल तर एक कान स्टेशनकडे राहू द्या, मागच्या वेळी एकाने मेसेज केला होता की तुमच्या नादात ठाणे गेलं.

आजचा पिक्चर आहे ‘स्टारडस्ट’. २००७ चा. दिग्दर्शक मॅथ्यू व्हॉन. पटकथा त्याची आणि जेन गोल्डमन यांची. मूळ कादंबरी नील गेमनची. ती १९९७-९८ मध्ये चार्ल्स वेसच्या चित्रांसह भागाभागाने आली आणि १९९९ मध्ये नुसत्या मजकुराची आवृत्ती निघाली. २००८ मध्ये सिनेमाला ह्युगो पुरस्कारही मिळाला. म्हणजे अगदीच कोपऱ्यातला पिक्चर नाहीये. तरी आपल्याकडे दहा जणांना विचारलं तर आठ जण म्हणतात, “तो समुद्री चाच्यांचा का?” नाही. म्हणजे त्यात उडतं जहाज आहे, त्यावर रॉबर्ट डी निरो कॅप्टन आहे, आणि तो भन्नाट आहे. पण आज त्याच्याबद्दल बोलणार नाहीये.

आज बोलायचंय गादीबद्दल. आणि शेवटी थोडं आमच्या घराबद्दल. ते का, ते कळेलच.

स्पॉयलर आहेत. भरपूर. पिक्चर बघायचा असेल तर आधी बघून या, मी इथेच आहे.

आधी गोष्ट, पटापट

इंग्लंडमध्ये वॉल नावाचं एक गाव आहे. गावाला लागून एक भिंत, भिंतीला एक भगदाड, आणि भगदाडावर एक म्हातारा पहारेकरी. भिंतीच्या पलीकडे स्टॉर्महोल्ड नावाचं जादूचं राज्य. एके रात्री डन्स्टन नावाचा एक पोरगा पहारेकऱ्याला चकवून पलीकडे जातो. तिकडच्या बाजारात त्याला एक मुलगी भेटते. तिच्या पायात जादूची साखळी, एका चेटकिणीने तिला गुलाम करून ठेवलेलं. ती म्हणते, मी राजकन्या आहे. पुढे जे व्हायचं ते होतं, आणि नऊ महिन्यांनी भिंतीपाशी एक बाळ येतं. ते बाळ म्हणजे आपला हिरो, ट्रिस्टन.

अठरा वर्षं जातात. ट्रिस्टन गावातल्या एका मुलीच्या प्रेमात. आकाशातून तारा पडताना दिसतो आणि हा गडी तिला वचन देतो की तो तारा तुला आणून देतो. जाऊन बघतो तर तारा म्हणजे दगड नाही, एक चिडलेली तरुणी आहे. तिचं नाव इव्हेन. तिच्या मागे तीन चेटकिणी लागल्यात, कारण ताऱ्याचं काळीज खाल्लं की त्यांना तारुण्य परत मिळतं.

हा झाला गोष्टीचा पहिला धागा. बहुतेक रिव्ह्यू याच धाग्यावर लिहिलेले असतात. प्रेम, चेटकीण, तारा. पण तो तारा पडला का? कोणी पाडला? तो दुसरा धागा, आणि मला तोच जास्त आवडतो.

म्हातारा राजा आणि त्याची ‘परंपरा’

स्टॉर्महोल्डचा राजा मरायला टेकलाय. ही भूमिका पीटर ओटूलने केलीये, आणि चार-पाच मिनिटांत तो माणूस काय करून जातो! पलंगाभोवती त्याचे मुलगे जमलेत. मुलांची नावं ऐका : प्रायमस, सेकंडस, टर्शियस, क्वार्टस, क्विंटस, सेक्स्टस, सेप्टिमस. लॅटिनमध्ये पहिला, दुसरा, तिसरा… सातवा. नावं कसली, अनुक्रमांक आहेत. आपण फाईल सेव्ह करताना ‘फायनल’, ‘फायनल दोन’, ‘फायनल तीन’ करतो ना, तसं.

सातपैकी तिघं आधीच मेलेत. आजाराने वगैरे नाही, भावांनीच मारलंय. आणि ते भुतं होऊन तिथेच कोपऱ्यात उभे आहेत, शेरेबाजी करत. नवा राजा गादीवर बसेपर्यंत त्यांची सुटका नाही. हा पिक्चरमधला सगळ्यात मस्त विनोद आहे : मेलेले राजपुत्र प्रेक्षक बनून उरलेली स्पर्धा बघतात.

आता राजाला दुःख कशाचं आहे? तीन मुलं मेली याचं नाही. चार अजून जिवंत आहेत याचं! तो म्हणतो की ही परंपरेला सोडून गोष्ट झाली. त्याला स्वतःला बारा भाऊ होते आणि बाप आजारी पडायच्या आधीच त्याने सगळे संपवले होते. मग तो सेकंडसला खिडकीतून बाहेर बघायला सांगतो. सेकंडस वाकून बघतो, सेप्टिमस मागून ढकलतो, आणि बाप पलंगावर हसतो. चारचे तीन.

शेवटी राजा गळ्यातला माणिक काढतो. त्याचा लाल रंग उडून जातो. राजघराण्याच्या रक्ताचा जो कोणी त्याला पुन्हा लाल करेल तो राजा. आणि तो माणिक हवेत सोडतो. माणिक वर जातो, थेट ताऱ्याला लागतो, आणि तारा खाली पडतो.

म्हणजे पूर्ण गोष्टीत इव्हेनवर जी संकटं येतात त्यांचं मूळ काय? एका घराला वारस ठरवण्याची धड पद्धत नव्हती हे.

नियमच तसा असेल तर चांगला माणूस काय करणार?

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे असा सीन बघितला की माझं डोकं माणसांकडे जायच्या आधी नियमाकडे जातं. इथला नियम काय? शेवटी जो जिवंत उरेल तो राजा.

या नियमाची गंमत बघा. यात ‘मला खेळायचं नाही’ असं बटनच नाही. समजा तू शांत स्वभावाचा आहेस, कोणाला मारायचं नाहीये. तरी तू जिवंत असणं हीच दुसऱ्याची अडचण आहे. तुझा स्वभाव कसा आहे याने काही फरक पडत नाही. तुझा श्वास चालू आहे, एवढं पुरे. मग तुझ्याकडे दोनच रस्ते : मार नाहीतर मर.

पिक्चरमध्ये हे प्रायमसच्या रूपात दिसतं. थोरला भाऊ. त्यातल्या त्यात बरा माणूस. रात्री पावसात रस्त्यावर अडकलेल्या ट्रिस्टनला तो आपल्या बग्गीत घेतो. दोघं शेजारी बसून जातात. मामा आणि भाचा, आणि दोघांनाही पत्ता नाही! पहिल्यांदा बघताना आपल्यालाही कळत नाही. दुसऱ्यांदा बघताना तोच साधा सीन पोटात कालवतो.

आणि या प्रायमसचं काय होतं? चेटकिणीने उभ्या केलेल्या खोट्या सराईत, आंघोळीच्या टबात, गळा कापला जातो. रक्त निळं निघतं, कारण राजघराणं ना. इंग्रजीत खानदानी रक्ताला निळं म्हणतात, ते यांनी शब्दशः घेतलंय. पुढे उरलेल्या पूर्ण पिक्चरभर बिचारा भूत होऊन तशाच अवस्थेत, लाज झाकत फिरतो.

सेप्टिमस बरोबर उलटा. टर्शियस विषारी दारूने मरतो, त्याच्याबरोबर धर्मगुरूही मरतो. सेप्टिमसला धर्मगुरूचं सोयरसुतक नाही. त्याचा एक सीन मला टेस्टर म्हणून फार आवडतो. त्याच्याबरोबर एक ज्योतिषी असतो, फासे टाकून हो-नाही सांगणारा. सेप्टिमस त्याला आधी असे प्रश्न विचारतो ज्यांची उत्तरं स्वतःला माहिती आहेत. फासे बरोबर उत्तर देतात. मग मध्येच विचारतो, हा ज्योतिषी माझ्या भावासाठी काम करतो का? फासे म्हणतात, हो. ज्योतिषी संपला. आधी माहीत असलेल्या उत्तरावर यंत्रणा तपासायची आणि मग खरा प्रश्न टाकायचा. पद्धत एकदम शास्त्रशुद्ध, माणूस एकदम नीच.

तर हा नियम सगळ्यात चांगला राजा निवडत नाही, सगळ्यात चांगला मारेकरी निवडतो. ही दोन वेगळी कामं आहेत.

हे काय फक्त परीकथेत होतं?

इथे कोणीतरी म्हणेल, अरे ती परीकथा आहे, एवढं काय मनावर घेतोस. तर दोन मिनिटं इतिहास.

ऑटोमन साम्राज्यात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, पंधराव्या शतकात दुसऱ्या मेहमदच्या काळात हे चक्क कायद्यात आलं : जो मुलगा सुलतान होईल त्याने राज्यात शांतता राहावी म्हणून भावांना मारलेलं चालेल. १५९५ मध्ये तिसरा मेहमद गादीवर आला तेव्हा त्याने आपल्या १९ भावांना मारवलं. स्टॉर्महोल्डच्या राजाचे बारा. खरा आकडा कथेच्या पुढे गेलाय बघा.

मग हे थांबलं कसं? नियम बदलला म्हणून. १६०३ मध्ये पहिला अहमद सुलतान झाला, त्याने आपला भाऊ मुस्तफा याला जिवंत ठेवलं. १६१७ मध्ये अहमद वारला आणि गादी मुलाऐवजी त्या भावाकडे गेली. हळूहळू ‘घराण्यातला वयाने मोठा पुरुष’ ही पद्धत रुळली. राजपुत्रांना महालात कोंडून ठेवायला लागले, तेही भयंकरच, पण एका रात्रीत १९ जनाजे निघणं थांबलं. माणसांचे स्वभाव तेच होते. बदलला तो फक्त नियम.

आपल्याकडे मोगलांचं ‘तख्त या तख्ता’ तर सगळ्यांनी ऐकलंय. सिंहासन, नाहीतर तिरडी. १६५७ मध्ये शाहजहान आजारी पडला आणि दारा, शुजा, औरंगजेब, मुराद, चौघं उठले. दाराला १६५९ मध्ये ठार केलं. मुराद, ज्याने औरंगजेबाला साथ दिली होती, त्याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात डांबून १६६१ मध्ये मारलं. शुजा आराकानला पळाला, तिथेच संपला. आणि ज्या बापाच्या नशिबी हे बघणं आलं त्या शाहजहानने १६२८ मध्ये स्वतः गादीवर येताना भाऊ शहरयार आणि पुतण्यांना मारवलं होतं. पीटर ओटूलचा तो पलंगावरचा राजा आठवा. तसाच. फरक एवढाच की शाहजहान हसला नाही.

या गोष्टीतलं एक पात्र शाळेत पटकन येऊन जातं : जहांआरा. या चौघांची बहीण. समूगढच्या लढाईत दारा हरल्यावर ती औरंगजेबाकडे प्रस्ताव घेऊन गेली, की राज्य भावांमध्ये वाटून घ्या. म्हणजे त्या घरात नियम बदलायचा विचार कोणी मांडला असेल, तर जिला गादीचा हक्कच नव्हता तिने. कोणी ऐकलं नाही. मग ती आग्र्याच्या किल्ल्यात कैदेतल्या बापाजवळ जाऊन राहिली, १६६६ मध्ये तो जाईपर्यंत.

आणि हे प्रकरण आपल्या दारापर्यंत आलंय बरं का. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला, खुलताबादला त्याची कबर आहे. लगेच त्याच्या मुलांची तीच शर्यत सुरू. आझमशहा इथून फौज घेऊन उत्तरेकडे निघाला आणि वाटेत त्याने कैदेतल्या शाहू महाराजांना सोडलं. तो स्वतः आग्र्याजवळ जाजऊला भावाशी लढताना मेला. पण शाहू परत आले, ताराबाईंशी संघर्ष झाला, आणि पुढे सातारा-कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. तिकडे दोन भाऊ भांडले, इकडे आपला नकाशा बदलला. राजाने वर फेकलेला माणिक कोणाला लागेल सांगता येत नाही ते असं.

आता ऊना

बरं. परत पिक्चरमध्ये येऊ. आत्तापर्यंत मी सात भाऊ मोजले. तुम्हीही मोजलेत. सगळेच मोजतात. पण राजाला अपत्यं आठ आहेत.

आठवी म्हणजे ऊना. राजाच्या पलंगापाशी तिचा विषय निघतो. ती कुठे आहे? कोणालाच माहीत नाही, कित्येक वर्षं बेपत्ता आहे. बाकीचे सेप्टिमसकडे संशयाने बघतात, की हिलाही तूच मारलंस काय. सेप्टिमस म्हणतो की मी तिला कशाला मारू, गादी मुलग्यालाच जाते. आणि विषय संपतो. एवढाच. मी हा पिक्चर पहिल्यांदा हॉस्टेलवर बघितला, दुसऱ्यांदा घरी. दोन्ही वेळा हा संवाद माझ्या कानावरून गेला.

ऊना कुठे आहे ते आपल्याला माहितीये. बाजारात, पायात साखळी. ट्रिस्टनची आई. अठरा वर्षं ती एका चेटकिणीच्या गाडीबरोबर फिरतेय, कधी माणूस म्हणून तर कधी पक्षी होऊन पिंजऱ्यात. आणि त्या अख्ख्या काळात सात राजपुत्रांपैकी एकानेही तिला शोधलेलं दिसत नाही. माणकासाठी मात्र घोडे उधळत अर्धं राज्य पालथं घालतात.

गंमत म्हणजे त्या घरातलं एकटं तिचंच नाव धड आहे. ऊना म्हणजे लॅटिनमध्ये ‘एक’, स्त्रीलिंगी. आणि ती एकच मोजणीत नाही.

यातलं टोचणारं काय माहितीये? ती वाचली तीही याच कारणाने. ती शर्यतीत असती तर कुठल्यातरी भावाने तिलाही खिडकीतून ढकललं असतं. मोजली नाही म्हणून जिवंत राहिली. आणि मोजली नाही म्हणूनच कोणी शोधायला आलं नाही. एकाच नियमाची ही दोन टोकं.

शेवटी काय होतं? सेप्टिमसला चेटकीण पाण्यात बुडवलेल्या मातीच्या बाहुलीने मारते. सातही भाऊ संपले. ट्रिस्टन जमिनीवरचा तो बिनरंगी खडा उचलतो आणि तो त्याच्या हातात लाल होतो. तेव्हा ऊना सांगते की तू माझा मुलगा, स्टॉर्महोल्डचा शेवटचा पुरुष वारस. भुतं सुटतात, सगळे टाळ्या वाजवतात, राज्याभिषेक.

लहानपणी परीकथा ऐकताना आपण इथे खूश होऊन झोपतो. पण एक सेकंद थांबा. ट्रिस्टनला हे रक्त मिळालं कुणाकडून? आईकडून. मग तो खडा आईच्या हातात आधी दिला असता तर? पिक्चर ते करून बघतच नाही. हक्क तिच्यातून आरपार जातो, तिच्यापाशी थांबत नाही. ती पाईप आहे, टाकी नाही.

कादंबरीत गेमनने हे वेगळं केलंय. तिथे ट्रिस्टन लगेच गादीवर बसत नाही, तो आणि इव्हेन भटकायला निघून जातात आणि मधली वर्षं ऊना राज्य चालवते. सिनेमाला दोन तासांत मुकुट चढवायचा होता, त्यामुळे ते गेलं.

आणि हे फक्त जादूच्या राज्यातलं नाही. कादंबरी सुरू होते ती राणी व्हिक्टोरिया नुकतीच गादीवर आली त्या सुमारास. ती गादीवर आली १८३७ मध्ये. त्या वर्षी खरोखर काय झालं बघा. तोपर्यंत ब्रिटन आणि जर्मनीतलं हॅनोव्हर यांचा राजा एकच असायचा. राजा वारला. ब्रिटनचा नियम म्हणाला, जवळचा भाऊ नसेल तर मुलगी चालते, म्हणून व्हिक्टोरिया राणी झाली. हॅनोव्हरचा नियम म्हणाला, पुरुष वारस असताना बाई चालणार नाही, म्हणून तिथे तिचा काका राजा झाला. एकच घराणं, एकच मुलगी, एकच दिवस. एका नियमात ती राणी, दुसऱ्यात ती कोणीच नाही. ब्रिटनमध्ये ‘आधी मुलगा’ हा भाग तर २०१३ च्या कायद्याने गेला, तो २०१५ पासून लागू झाला. म्हणून २०१८ मध्ये धाकटा भाऊ जन्मला तरी राजकन्या शार्लटचा नंबर मागे सरकला नाही.

आमच्या घरचा खडा

आता घराबद्दल सांगतो म्हणालो होतो. हे रेकॉर्ड करावं की नाही यावर दोन आठवडे घालवलेत. घरच्यांना विचारून बोलतोय.

मी थर्ड इयरला असताना आजोबा वारले. गावाकडे वडिलोपार्जित जमीन, फार नाही, पण विहीर असलेली. मागे बाबा, काका आणि आत्या. वारसनोंद झाली आणि मग एक दिवस आत्याची हक्कसोडपत्रावर सही घ्यायची ठरली. तिला एसटी स्टँडवरून रजिस्ट्रार ऑफिसला बाईकवर मीच घेऊन गेलो. सही, अंगठा, फोटो. बाहेर चहा प्यायलो. घरी आईने तिची ओटी भरली, साडी दिली. संध्याकाळी मी तिला परत गाडीत बसवून दिलं.

मला त्या दिवशी अभिमान वाटला होता, खोटं नाही सांगत. गावात बांधावरून कोयते निघालेले बघितलेत, आणि आमच्याकडे बघा, एका सकाळी सगळं शांततेत. हॉस्टेलवर मित्रांना सांगितलंही, की आमच्यात भांडणं नाहीत.

या दिवाळीला पिक्चर तिसऱ्यांदा बघितला, बहिणीबरोबर. सेप्टिमसचं ते वाक्य आलं आणि ही मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, “आत्यासारखंच आहे की.” बस, एवढंच. मी पॉज केलं नाही, काही नाही. पण पुढचा पिक्चर मी बघितलाच नाही.

मग कायदा वाचला. मी वकील नाही, तुमच्या घरचं तुम्ही वकिलाला विचारा, पण ढोबळमानाने असं आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क फक्त मुलग्यांना होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना तो दिला, पण ज्यांचं लग्न त्याआधी झालंय त्या वगळल्या. आत्याचं लग्न त्याआधीचं. एका ओळीने ती बाहेर. २००५ मध्ये केंद्राने कायदा बदलला, ती ओळ गेली, मुलगी आणि मुलगा सारखे. आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये वडील जिवंत होते की नव्हते याच्याशी संबंध नाही.

म्हणजे आत्या सही करायला आली तेव्हा कायद्याने तिला मोजलं होतं. मोजलं नव्हतं ते आम्ही.

मी तिला फोन केला. म्हटलं, आत्या, तेव्हा तुला सही करायची होती का? ती आधी हसली. मग म्हणाली, “करायची की नाही असं कोणी विचारलंच नाही रे. कुठे करायची तेवढं सांगितलं.” मी म्हटलं, मग नाही का म्हणाली नाहीस? तर म्हणाली, “नाही म्हटलं असतं तर दिवाळीला कुठे आले असते?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. तिने जमीन सोडली नव्हती. तिने जमीन देऊन माहेर विकत घेतलं होतं, जे तिचंच होतं. आणि आमच्या घरात भांडण झालं नाही हे खरं, पण ते आम्ही फार शहाणे म्हणून नाही. ज्या माणसाशी भांडण झालं असतं त्या माणसाने आधीच पायात साखळी घालून घेतली म्हणून.

मग पुढे काय?

तर मुद्दा असा. ‘स्टारडस्ट’ बघताना आपण भाऊ एकमेकांना कसे मारतात ते बघून हसतो, आणि तो विनोद खरंच चांगला आहे, हसाच. पण गादीच्या कुठल्याही गोष्टीत आधी विचारायचं : यादी कोणी बनवली, आणि त्यात कोण नाहीये? कोण जिंकलं हा प्रश्न नंतरचा. भावांच्या भांडणाचे आवाज एवढे मोठे असतात की जिला भांडायलाही बोलावलं नाही ती ऐकूच येत नाही.

आमच्याकडे झालेली सही मी पुसू शकत नाही. नोंदणी झालेला कागद आहे. पण दोन गोष्टी झाल्यात. एक, मी बाबांना म्हटलं की आपल्या वाट्याचं जेव्हा कधी ठरेल तेव्हा बहिणीचा हिस्सा सरळ तिच्या नावावर लागेल, आणि हक्कसोड हा शब्द कोणी काढायचा नाही. तिला द्यायचंच असेल तर ती आपणहून, तिच्या वकिलाला विचारून देईल. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “काकालाही सांगायला लागेल.” हे आमच्या घरातलं ‘हो’ आहे.

दुसरी गोष्ट, बाबांनी आत्याला फोन केला. काय बोलले माहीत नाही, दार लावून बोलत होते. बाहेर आल्यावर आईला म्हणाले, विहिरीशेजारच्या तुकड्याचं काय करता येतं ते तलाठ्याला विचारायला हवं. काय होईल ते होईल, कळलं की सांगेन.

बहीण म्हणते, एपिसोडमध्ये मला क्रेडिट दे. दिलं. ते एक वाक्य तिचं आहे.

आता तुमचं काम. घरी सातबारा असेल तर मोबाईलवर उघडा, महाभूलेखवर दिसतो. नावं वाचा. मग घरात जन्मलेली माणसं बोटांवर मोजा. दोन्ही आकडे जुळले तर उत्तम. नाही जुळले तर लगेच भांडायला जाऊ नका. जिचं नाव नाही तिला फक्त एक फोन करा आणि विचारा, तुला तेव्हा कोणी विचारलं होतं का?

काय म्हणाली ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. नावं गाव गाळून, तुमची परवानगी असेल तरच, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवेन.

चला, भेटू पुढच्या रविवारी. आणि तुमचं स्टेशन आलं असेल तर उतरा!